हवाबंद

"आबा, थांबा! वर लागतंय!"

माझी सून उज्वला ट्रॅक्टरवरून ओरडली तेव्हा मी मागे ब्लोअरपाशी उभा होतो. मला वाटलं, उगाच घाबरते. "काही लागत नाही. जाऊ दे पुढं," मी म्हटलं. तिने क्लच सोडला. डोक्यावर करकर आवाज झाला, मांडवाच्या तारेने केबिनचं छत पकडलं आणि दोन-तीन कोवळे घड पाल्यासकट तुटून बॉनेटवर पडले.

दोन-तीन घडांनी कुणी भिकेला लागत नाही. पण बांधावर आमच्या सौभाग्यवती उभ्या होत्या, आणि कुसाबाईला पाहायला नेमकं असंच काहीतरी सापडतं.

"झालं का समाधान?" ती म्हणाली. "म्हनलं व्हतं, आधी बागेत घालून बघा, मग वेल्डिंग करा."

चूक माझीच होती, आणि ती फिटरने करावी अशी नव्हती. आमची द्राक्षबाग मांडवाची. वेली डोक्यावर तारांच्या जाळीवर पसरलेल्या, आणि औषध मारायचा लहान ट्रॅक्टर त्यांच्या खालून ओळीओळीने जाणार. मी मांडवाची उंची मोजली ती खांबापाशी. तिथे तार बांधलेली असते, सहा फूट म्हणजे सहा फूट. पण दोन खांबांच्या मध्ये तीच तार पाला, घड आणि सकाळचं दव यांचं ओझं घेऊन चार-पाच इंच खाली येते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं टर्बाइनच्या खात्यात घालवली होती. तिथे तार लोंबत नाही.

"उतर," मी उज्वलाला म्हटलं. "चार इंच कापतो."

"आबा, मंग माझं डोकं टेकंल वर."

"सीट खाली घेतो."

"सीट खाली घेतली तर क्लचला पाय कसा पुरंल?"

डोक्यात तिडीक गेली होती, आणि ती तिच्यावरची नव्हती. तिला सीटवर बसवलं, टेप घेतला आणि पहिल्यांदा तिचं माप घेतलं. बूड ते डोकं, गुडघा ते टाच, कोपर ते स्टिअरिंग. पहिली केबिन मी माझ्या मापाने केली होती. चालवणार ती, आणि माप माझं.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, ते सांगतो. नाहीतर म्हातारा निवृत्तीनंतर काहीतरी चाळा करत बसला असं वाटेल. गावात बऱ्याच जणांना तसं वाटलंच.

अमोल माझा एकुलता एक. मी एकलहऱ्याला कॉलनीत राहायचो, तो चांदवड तालुक्यातल्या या आमच्या गावी चुलत्याच्या हाताखाली शेती शिकला आणि पुढे बाग त्यानेच वाढवली. बारा वर्षं त्याने उघड्या ट्रॅक्टरवर बसून औषध मारलं. अंगात बनियन, तोंडाला उपरणं. मागचा ब्लोअर पंखा औषधाचा फवारा दोन्ही बाजूंना आणि वर उडवतो, आणि वर गेलेलं खाली येतंच. केंद्रात आम्हाला नुसती राख उडाली तरी मास्क घातल्याशिवाय आत सोडत नसत. सुटीला गावी आलो की माझा मुलगा बागेतून पांढरा-निळा होऊन बाहेर यायचा, आणि सुरक्षेची दोन प्रशस्तिपत्रं भिंतीवर लावलेला मी त्याला विचारायचो, "यंदा माल कसा आहे?"

गेल्या वर्षी त्याचे हात कापायला लागले. आता चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागतो, तरी बशीत सांडतो. जिना चढला की धाप लागते. नाशिकच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध मारणं सोडा, त्याचा वासही घ्यायचा नाही. त्यामुळे फवारणीच्या दिवशी अमोल गावाच्या पलीकडच्या टोकाला चुलत बहिणीकडे जाऊन बसतो आणि फोनवरून मजूर, व्यापारी, खतं बघतो. छत्तीस वर्षांचा पोरगा.

छाटणी झाल्यावर ट्रॅक्टरवर कोण बसणार हे घरात कुणी कुणाला विचारलं नाही. उज्वला बसली. पदर खोचला, वर अमोलचा जुना शर्ट चढवला आणि बसली. पहिल्या दिवशी ती बागेतून बाहेर आली तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. वर पाहिलं तर मला अमोलच येतोय असा भास झाला. त्या दिवसापासून मी पेपर वाचलेला नाही.

ट्रॅक्टरच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, एवढ्या लहान ट्रॅक्टरला केबिन येतच नाही. येते ती मोठ्यांना, आणि मोठा ट्रॅक्टर आमच्या मांडवाखाली जात नाही. म्हटलं, ठीक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं बंदिस्त केली, एक घरचं करू.

सांगाडा मी घरीच केला. पाऊण इंची पाइप, कोपऱ्यांना अँगल, वेल्डिंगचं मशीन गावातल्या ग्रिलवाल्याचं. कापड शिवायला मात्र नाशिकला द्वारका चौकाजवळ जमीलकडे गेलो. उड्डाणपुलाच्या अलीकडे एका गल्लीत त्याची पत्र्याची शेड आहे. एके काळी नाशिकमधल्या निम्म्या जीपगाड्यांचे हूड त्याच्या हातचे असत. केंद्राच्या जीपचं हूडही तोच शिवायचा, तेव्हापासूनची ओळख. आता जीपगाड्या गेल्या, तो रिक्षांचे टप आणि मोटारसायकलच्या सीट शिवतो. मी केबिनचा आराखडा काढलेला कागद पाहून त्याचा चेहरा खुलला. बऱ्याच दिवसांनी त्याला पूर्ण गाडी झाकायला मिळत होती.

"वरून रेक्झिन, बाजूला पारदर्शक, दरवाज्याला चेन," त्याने बोटावर मोजलं. "अन् मागं एक खिडकी ठेवतो. जाळी लावून. वरून पडदा, पाहिजे तेव्हा गुंडाळायचा."

"खिडकी नको."

"सावळीरामभाऊ, हूडला जरा सास पायजे. एकदम पॅक केलं की आत भट्टी होते. जीपवाले पन उन्हाळ्यात शिव्या घालायचे मला."

"जमील, जीपमध्ये पावसाचं पाणी येतं. इथं विष येणार आहे. मागंच ब्लोअर आहे. तिथंच तू खिडकी ठेवतोस?"

त्याने कागद उलटा फिरवून पाहिला. मग म्हणाला, "मग बाजूला ठेवतो."

"कुठंच नको."

तरीही त्याने डाव्या बाजूला वीतभर जाळीची खिडकी ठेवलीच. कारागिराचा हट्ट. "नाय लागली तर बंद ठेवा," म्हणाला. मी घरी आणून ती दाभणाने शिवून टाकली, वर रबर सोल्युशन लावून रेक्झिनचा तुकडा चिकटवला. घटस्थापनेला सुरू केलेलं काम दिवाळीनंतर संपलं. मधल्या सहा आठवड्यांत उज्वला उघड्यावर औषध मारत होती आणि मला प्रत्येक दिवस अंगावर येत होता. त्या घाईतच मी खांबापाशी माप घेतलं असणार. मग चार इंच कापून पुन्हा सगळं जुळवलं, जमीलकडून कापड उसवून नव्याने शिवून आणलं. त्या बिचाऱ्याने नुसती शिवलेली खिडकी बोटाने चाचपून पाहिली.

आमच्या खात्यात एक पद्धत होती. कंडेन्सरला कुठे बारीक गळती असेल तर ती डोळ्याला दिसत नाही. मग जुने फिटर पेटती मेणबत्ती घेऊन सांध्यासांध्यावरून फिरवायचे. ज्योत आत ओढली गेली की गळती सापडली. मी केबिनसाठी अगरबत्त्यांचा पुडा घेतला. उज्वलाला आत बसवलं, चेन लावली आणि चार-चार अगरबत्त्या एकदम पेटवून शिवणीशिवणीवरून फिरवायला लागलो.

"पूजा चाललीय का ट्रॅक्टरची?" कुसाबाई ओट्यावरून म्हणाली. "नारळ आनू का?"

"आत वास येतो का?" मी प्लास्टिकला तोंड लावून ओरडलो.

"नाय, आबा."

"इथं? पेडलच्या खाली?"

"नाय."

"नीट हुंगून सांग."

"काहीच नाय येत, आबा." प्लास्टिकमागून ती हसत होती. अमोलच्या आजारपणानंतर ती हसलेली मी पाहिली नव्हती. पाऊण तास मी त्या ट्रॅक्टरभोवती प्रदक्षिणा घातल्या. धूर कुठेही आत गेला नाही. एक टिपूस, एक वाससुद्धा नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली होती तेव्हा वाटलं नव्हतं इतकं मला त्या दिवशी आपण फिटर असल्याचं बरं वाटलं.

पहिल्या फवारणीला शेजारचे पाच-सहा जण बघायला आले. उज्वला शेवटच्या ओळीतून बाहेर आली तेव्हा केबिन वरून खालपर्यंत निथळत होती, आणि तिने चेन उघडून पाय खाली टाकला तो कोरडा. शर्ट कोरडा, केस कोरडे. एकाने फोटो काढला. दुसरा म्हणाला, "सावळीरामनाना, आमच्याबी ट्रॅक्टरला करा की." मी म्हटलं, "बघू." वास्तविक मनात मी त्याच्या ट्रॅक्टरच्या पाइपा कापायला घेतल्याही होत्या.

उज्वला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसली. मला वाटलं, हातपाय धुते आहे.

त्या पंधरवड्यात आभाळ सारखं भरून येत होतं. अशा हवेत बागेवर डाऊनी हा बुरशीचा रोग झपाट्याने येतो, एक दिवस चुकला तर घडच्या घड काळे पडतात. दिवसाआड औषध चालू होतं. आणि मला दिसायला लागलं की उज्वला ओळीच्या टोकाला वळताना दरवाज्याची चेन उघडते. चांगली हातभर. वळली की ओळीत शिरताना पुन्हा लावते. ते पाहून माझा पारा चढायचा. सहा आठवडे मी शिवणीला शिवण जुळवली ती कशासाठी?

"चेन लाव!" मी बांधावरून ओरडायचो. "अगं, चेन लाव आधी!"

ती लावायची. पुढच्या वळणाला पुन्हा उघडी.

"आतून घाम धरतो, आबा," एकदा ती म्हणाली. "समोरचं दिसत नाय."

"फडकं ठेव. पुसत जा."

ती फडकं ठेवायला लागली. मी घामावर फडक्याने उत्तर दिलं आणि माझ्या मते प्रश्न सुटला.

घरात कुसाबाईने मला दोनदा सांगितलं. "औषधाच्या दिवशी ती जेवत नाय. भाकरी तशीच ठेवती झाकून."

"थकत असेल."

"आधी उघड्यावर मारायची तवा जेवायची."

"मग तुझ्या हातच्या भाकरीला कंटाळली असेल," मी म्हटलं. हे मी का म्हटलं ते मला माहीत आहे. मला ऐकायचं नव्हतं. आयुष्यात एक गोष्ट मी घरच्यांसाठी हाताने केली होती, आणि तिच्यात खोट काढायची कुणालाही परवानगी नव्हती, अगदी तिच्यात बसणारीलाही नाही.

मग तो गुरुवार आला. त्या दिवशी बुरशीचं नव्हे, थ्रिप्सचं औषध होतं, किडीचं. त्याचा वास उग्र. पाचव्या ओळीत ट्रॅक्टर थांबला. इंजिन चालू, ब्लोअर चालू, पण ट्रॅक्टर जागेवर. एकाच ठिकाणी फवारा पडत होता आणि तिथला पाला ओला गच्च होऊन वाकला होता. मी आधी चिडलो, एवढं औषध वाया घालवते म्हणून. "पुढं घे!" म्हणून दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं आणि पळालो.

चेन ओढली. आतून जी वाफ तोंडावर आली ती मी विसरणार नाही. बाहेर हवेत औषधाचा वास होता, आत औषधच होतं. उज्वलाचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं, तोंडातून लाळ गळत होती. मी ब्लोअर बंद केला, तिला ओढून बाहेर काढलं, ओळीबाहेर नेलं. तिला भडाभडा उलटी झाली. "आबा, डोळ्यापुढं धुरकट दिसतंय," ती म्हणाली. कुसाबाईने तिचे कपडे तिथेच उतरवले, अंगावर बादल्या ओतल्या, चादर गुंडाळली. शेजाऱ्याने गाडी काढली. पिंपळगावच्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. मग विचारलं, "मास्क नव्हता का?" मी म्हटलं, "केबिन होती." ते केसपेपरवर लिहायला लागले. त्यांना केबिन म्हणजे काय वाटलं असेल कोण जाणे.

अमोल दवाखान्यात आला. त्याने तिचा हात धरला, आणि दोघांपैकी कुणाचा हात कापतोय ते कळेना. मी उठून बाहेर गेलो.

दुपारी कुसाबाईला तिथे ठेवून मी घरी आलो आणि थेट केबिनमध्ये जाऊन बसलो. चेन लावली. पाच मिनिटं झाली नसतील, कपाळातून कळा यायला लागल्या. मग मला सगळं दिसलं. औषध टाकीत कालवायला तीच उतरायची. हातमोज्यांवर, बाह्यांवर, चपलांवर ते उडायचं, आणि तशीच ती आत येऊन बसायची. एका फवारणीत चार टाक्या. नोझल तुंबला की आणखी दोनदा उतरायची. स्टिअरिंगवर औषध, सीटवर औषध, पेडलवर औषध, वरून नोव्हेंबरचं ऊन, आणि ते सगळं तापून जायला एक वीतभर जागा नाही. उघड्या ट्रॅक्टरवर निदान वारा तरी होता. अगरबत्ती मी बाहेरून फिरवली होती. बाहेरचं आत येऊ नये, एवढंच मी पाहिलं. आतलं बाहेर जायला पाहिजे, हे बघायची चौतीस वर्षांत माझ्यावर कधी वेळ आली नव्हती, म्हणून ते डोक्यातच आलं नाही. आणि मी बांधावरून ओरडत होतो, चेन लाव, चेन लाव.

मी बाहेर आलो आणि पाना घेतला. सगळं खोललं. कापड, सांगाडा, छत. नटबोल्ट निघत नव्हते, मीच वॉशर घालून पक्के केलेले. एका बोल्टवर बोटाचं कातडं गेलं. बरं झालं म्हटलं.

संध्याकाळी उज्वलाला घरी आणलं. मी तिच्या खाटेपाशी स्टूल घेऊन बसलो. सासऱ्याने सुनेच्या उशाशी असं बसायची आमच्याकडे रीत नाही, पण कुसाबाईने उंबऱ्यातून पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"पहिल्या दिवसापासून व्हत होतं का?" मी विचारलं. राग आला की माझी भाषा गावाची होते.

तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"बोलली का नाहीस मग? तोंड नव्हतं का?"

"तुम्ही किती दिस खपला, आबा." तिचा आवाज बसला होता. "अन् ह्या घरात माझं माप घेऊन कुनी काही केलं नव्हतं अजून. साडी आनली तरी सासूबाईंच्या पसंतीची. म्हनलं, जाऊ द्या. सवय व्हईल."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. मला स्वतःवर ओरडायचं होतं, ते जमत नाही म्हणून तिच्यावर. मग मी वही आणली. केंद्रात पाळी बदलताना यंत्र चालवणारा जे सांगेल ते आम्ही फिटर लिहून घ्यायचो. कसला आवाज येतो, कुठे तापतं, कधीपासून. चौतीस वर्षं मी कुणाचंही ऐकून घेतलं, हाताखालच्या अडाणी खलाशाचंही. हिला मात्र मी विचारलं होतं ते एवढंच, की वास येतो का.

"सांग," मी म्हटलं. "काय काय पाहिजे ते सांग."

ती आधी लाजली. मग सांगायला लागली. मोजे बाहेरच्या बाजूला अडकवायला आकडा. आत बसताना चप्पल वेगळी. औषध कालवणारा माणूस दुसराच, चालवणाऱ्याने उतरायचंच नाही. बसायच्या जागेवर वरून स्वच्छ हवा सोडणारा पंखा, कोळशाच्या गाळणीतून. हे तिने मोबाइलवर बघितलं होतं, महिन्यापूर्वीच. मी लिहीत गेलो. दीड पान झालं. त्यातलं एकही काम माझ्या हाताबाहेरचं नव्हतं, आणि एकही उद्यापर्यंत होण्यासारखं नव्हतं.

उद्या मारायलाच हवं होतं. आभाळ पुन्हा भरलं होतं, आणि थ्रिप्सच्या औषधाच्या पाचच ओळी झालेल्या. सकाळी मी भाड्याने औषध मारणाऱ्या तिघांना फोन केले. दोघांकडे वेळ नव्हता, आभाळ सगळ्यांवरच आलेलं. तिसरा म्हणाला, "मंगळूला धाडतो, नाना. सुरगाण्याकडचा हाय, लय गुणाचा. दोन तासात बाग मारून देईल."

"त्याच्याकडे मास्क आहे का?"

तो हसला. "त्याला काही व्हत नाय, नाना. सवय हाय त्याला."

मी फोन ठेवला.

ट्रॅक्टर मला चालवता येतो. अमोलचा जुना शर्ट काल उज्वलाच्या अंगावरून उतरवलेला, कुसाबाईने तो धुऊन वाळत टाकला होता. म्हणून मी माझाच एक पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, रेनकोट, नाकातोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. उज्वला भिंत धरून ओट्यापर्यंत आली.

"तुम्ही नका जाऊ, आबा. तुमचं वय नाय."

"तुझं होतं का?"

ती खाली बसली. मग हाताने बागेकडे दाखवत म्हणाली, "वारं उगवतीकडून हाय. मावळतीच्या शेवटच्या ओळीपासून धरा, अन् इकडं सरकत या. म्हंजे आपन मारलेलं आपल्यावर येनार नाय. अन् वळताना ब्लोअर बंद करा, आबा. तिथंच समदं अंगावर येतं."

एवढं तिला ठाऊक होतं. मी मान डोलावली आणि गेलो.

तिने सांगितलं तसंच केलं, तरी पहिल्या ओळीतच चष्मा पांढरा झाला. पुसावा तर हातमोजा ओला. मास्क भिजून नाकाला चिकटला. मानेवरून काहीतरी थंड खाली उतरत गेलं, रेनकोटच्या आत, पाठीवर, कमरेपर्यंत, आणि थोड्या वेळाने ते चुरचुरायला लागलं. जिभेवर कडवट चव आली ती गिळताही येईना, थुंकताही येईना. मांडव इतका जवळ होता की घड कपाळाला लागत होते. अमोलने हे बारा वर्षं केलं. मला तिथे, त्या ओळीत, ट्रॅक्टर चालू असताना, रडू आलं. रडायला ती जागा चांगली. चेहरा तसाही ओलाच असतो.

दोन तासांचं काम मला चार तास लागले. सात घड मोडले. मोटारीच्या हौदावर मी साबण लावून तीन वेळा आंघोळ केली आणि ओट्यावर येऊन टेकलो. हात कापत होते. ते स्टिअरिंग धरल्यामुळे की आणखी कशामुळे, ते मी स्वतःला विचारलं नाही.

फवारणीचे कपडे आमच्याकडे घरच्या कपड्यांत धूत नाहीत आणि घरच्या दोरीवरही टाकत नाहीत. त्यांची गोठ्यामागे वेगळी तार आहे. कुसाबाई माझा शर्ट काठीवर घेऊन तिकडे निघाली तेव्हा मी ओट्यावरून तिला बघत होतो. तारेवर एका बाजूला उज्वलाने काल घातलेला शर्ट वाळत होता. दुसऱ्या बाजूला अमोलचा बनियन होता, गेल्या वर्षीचा, शेवटच्या फवारणीचा. तो काढायचा कुणाला धीर झाला नव्हता आणि आता तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता.

कुसाबाई दिवसभर मला एक अक्षर बोलली नव्हती. तिने अमोलचा बनियन थोडा इकडे सरकवला, उज्वलाचा शर्ट थोडा तिकडे सरकवला, आणि मधे माझ्या शर्टाला जागा केली.